न आलेला फोन

हर्षाने चपला खाली काढून ठेवल्या, स्लॅबवरच्या पाण्याच्या टाकीला टेकवलेल्या शिडीवर चढली आणि हात जाईल तितका फोन उंच धरला. नेटवर्कच्या सगळ्या रेघा भरलेल्या होत्या. घरात भरलेल्या होत्या, अंगणात भरलेल्या होत्या आणि इथे स्लॅबवरही भरलेल्याच होत्या. फोन मात्र सकाळपासून एकदाही वाजला नव्हता.

"काहून चढली वो तिथं?" अंगणातून तिची आई, देवकाबाई, ओरडल्या. "पडशीन ना! मंडईच्या दिवशी हातपाय मोडून घ्याचे हायेत का?"

"रेंज पाहून राहिली, आई."

"काल तं खाटेवर लेटून बोलत होती. आजच रेंज कुठं गेली?"

हर्षा शिडीवरच बसून राहिली. खाली रस्त्याने नवी लुगडी नेसलेल्या बाया आणि फुगे धरलेली पोरं मैदानाकडे निघाली होती. दिवाळीनंतरची मंडई म्हणजे साकोलीकडच्या या गावात दिवाळीपेक्षा मोठा दिवस. सासरी गेलेल्या पोरी येतात, बाजार भरतो, आणि दुपारी मैदानात दंडार रंगते. टिपऱ्या, ढोलकी, गाणी आणि सोंगं. लहानपणी दंडार पुढून पाहायला मिळावी म्हणून हर्षा जेवण अर्धं टाकून पळायची.

नोकरी लागल्यापासून मात्र तिने ती धड पाहिली नव्हती. नागपुरातली तिची कंपनी रक्त तपासणाऱ्या लॅबसाठी सॉफ्टवेअर करायची. नमुन्याची नोंद, रिपोर्ट, बिल, पेशंटला जाणारा मेसेज, सगळं एकाच गुंत्यात बांधलेलं होतं. मेसेज अडकला की बिल निघेना, बिल सुधारायला जावं तर रिपोर्ट उघडेना. कुठली दोरी कुठे बांधली आहे हे एकट्या हर्षाला ठाऊक. त्यामुळे काहीही झालं की ऑफिसात एकच वाक्य ऐकू यायचं, हर्षाला फोन लावा. तिने एसटीत बसून सिस्टिम चालू केली होती, चुलत बहिणीच्या हळदीत मांडवामागे बसून पिवळ्या बोटांनी कोड लिहिला होता. मंडईला आली की दंडार सुरू व्हायच्या आत लॅपटॉप उघडायचा, नाहीतर सरळ नागपूरची गाडी पकडायची. ती कुरकुर करायची, पण खरं सांगायचं तर फोन वाजला की तिची पाठ आपोआप ताठ व्हायची.

मग तिचे साहेब कैलाश यांनी तिला सगळ्या सिस्टिमची नवी रचना करायला सांगितली. "आता तू आर्किटेक्ट," ते म्हणाले होते.

"मंग मी काम काय करू, सर? कोड तर बाकीचेच लिहितील."

"तुझ्याबिना चालन असं काही करून दाखव. तेच काम."

तेव्हा ते तिला जरा लागलंच होतं. पण ती कामाला लागली. तिने गुंता सोडवला, प्रत्येक भाग वेगळा केला, एक आजारी पडला तरी दुसरा चालत राहील अशी मांडणी केली. एवढं सगळं करताना एकच भाग तिने हट्टाने स्वतःच्या हाताने लिहिला: मेसेज गेला नाही तर तो जाईपर्यंत पुन्हापुन्हा पाठवत राहणारा. आपल्यासारखाच चिवट, असं तिला वाटायचं. आज पहाटे ही नवी सिस्टिम सगळ्या लॅबमध्ये सुरू झाली होती, आणि कैलाश सरांनी नेमकं आजच तिला घरी पाठवलं होतं.

शेवटी न राहवून तिनेच राखीला फोन लावला. राखी तिच्या हाताखाली शिकलेली, नागपूरचीच पोरगी.

"हां ताई! मंडई कशी आहे?"

"मंडई राहू दे. सगळं ठीक आहे ना?"

"आता ठीक आहे."

हर्षा शिडीवर सावरून बसली. "आता म्हणजे?"

"सकाळी मेसेजवाल्या कंपनीचं सर्व्हर सुस्त झालं होतं. मेसेज जाऊन नव्हते राहिले. आपलं ते पुन्हापुन्हा पाठवणं आहे ना, ते पाठवतच राहिलं. एकाचे दहा, दहाचे शंभर. सगळी रांग तुंबली."

"आणि लॅब?"

"लॅबला पत्ताच नाही. रिपोर्ट निघत होते, बिलं निघत होती. फक्त मेसेज अडकले. ताई, तो भाग मी काढून टाकला."

"कोणता?"

"तुमचाच. त्याच्या जागी साधं लिहिलं. दोनतीनदा पाठवायचं, नाही गेला तर बाजूला ठेवायचा, थोड्या वेळाने पुन्हा पाहायचं."

हर्षाने अंगठ्याच्या नखाने शिडीवरचा गंज खरवडला. मग एकामागून एक प्रश्न विचारले. बाजूला ठेवलेला मेसेज हरवला तर? नाही हरवत, त्याची नोंद आहे. एकच मेसेज दोनदा गेला तर? प्रत्येकाला वेगळी खूण आहे, दुसऱ्यांदा जाणार नाही. लॅबवाल्याला कसं कळणार? त्याच्या स्क्रीनवर दिसतं. कुठेतरी भोक सापडेल म्हणून हर्षा शोधत राहिली. राखी उत्तरं देत राहिली.

"मला फोन काहून नाही केला?"

"करणारच होती. पण म्हटलं, आधी पाहू तर. पाहिलं तर तेवढाच भाग काढता आला, बाकी कशालाच हात नाही लावावा लागला." राखी हसली. "जुन्या सिस्टिममध्ये मी असं केलं असतं का, ताई? तिथं तर नुसतं पाहायचीही भीती वाटे."

दूर मैदानातून ढोलकीवर पहिली थाप पडली. हर्षाच्या छातीत आधी काहीतरी टोचलं, आणि मग त्याच जागी गुदगुल्या व्हाव्या तसं हसू फुटलं. ते आवरेना.

"ताई? रागावल्या का?"

"नाही वो. तुझं चांगलं आहे, माझ्यापेक्षा चांगलं आहे. सोमवारी सगळ्यांना तूच समजावून सांग."

"मी? कैलाश सरांसमोर?"

"तूच."

ती शिडी उतरून अंगणात आली, तेव्हाही हसतच होती. देवकाबाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या पायाशी हर्षाची बॅग होती, चेन लावून तयार. वर फडक्यात बांधलेला डबा.

"फोनवर बोलतानी पाहिलं तुले," त्या म्हणाल्या. "म्हटलं, बिघडलं असन काही. तीनची गाडी भेटते अजून. करंज्या बांधल्या, चिवडा बांधला. कपडे मी घडी करूनच ठेवले."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. दरवर्षीचं काम हातावेगळं करावं तसं त्यांनी ते केलं होतं. आपण फोनवर बोलू लागलो की आईने बॅग भरायला घ्यायची, हे इतक्या वर्षांत कधी ठरलं, ते हर्षाला आठवेना.

"बिघडलं होतं, आई," ती म्हणाली. "सुधरलंही."

"मंग?"

"मंग काही नाही."

"जात नाही का तू?"

"कायले जाऊ?"

देवकाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं, थट्टा तर करत नाही ना म्हणून. हर्षाने पायरीवर बसकण मारली, डब्याची गाठ सोडली आणि एक करंजी उचलून खाल्ली. सारण तिच्या ओढणीवर सांडलं.

"बप्पा, ते वाटेत खायाले होतं ना!" देवकाबाई म्हणाल्या, पण तोवर त्या वळल्याही होत्या. कुंपणापाशी जाऊन त्यांनी टाचा उंचावल्या आणि शेजारच्या अंगणाकडे पाहत, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली,

"पंचफुला! अवो पंचफुला! दंडारीत गेली का चटई मोठी हातरजो वो. आमची हर्षा येऊन राहिली!"