शिंपिणीचा खोपा आणि साहेबाची पंगत

मी खोपा बोलतोय. बांधलेला नाही, शिवलेला. १९५६ च्या आषाढात, मराठी-तेलुगू सीमेवरच्या, गुडीहत्नूरजवळच्या एका गावात, चंपतरावांच्या दारातल्या पळसावर शिंपीण पाखरानं दोन पानांना चोचीनं भोकं पाडली, कापसाचा धागा ओवला आणि मला शिवलं.

कापूस चंपतरावांच्या सुनेचा, मथुराबाईचा. वाती वळताना ती मुद्दाम कुंपणावर पुंजके ठेवायची. स्वतः पत्रावळी टाचायची. पाखराला म्हणायची, "माह्यापरीस तुही टाच बारीक हाय वं. मले शिकव ना!"

माझ्या पोटात तीन पिल्लं झाली. उघडी, आंधळी, सदा भुकेली.

त्याच दिवसांत हैदराबाद राज्य मोडायचं ठरलं. गाव मराठीत जाणार की तेलुगूत? चंपतरावांच्या ओट्यावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांनी अर्ज केला नाही, कुणाला भेटले नाहीत. पाहणीचा साहेब येणार म्हटल्यावर पुरणाची पंगत ठरवली. पळसाच्या पानावर पुरणपोळी दिसली की साहेब लिहून टाकणार, गाव मराठी! एवढीच अक्कल, आणि मिजास गावाच्या धन्याची.

पानं कमी पडली. चंपतराव विळा घेऊन आले.

"मामाजी, हे फांदी नोका तोडू. आठ दिवसांत पिल्लं उडून जातीन."

"साहेब आठ दिवस थांबते काय? गाव आंध्रात गेलं तं तुही शिंपीण तेलुगू बोलन?" ओट्यावरचे सगळे हसले.

"बोलन ना. तुमच्याआधी शिकन."

हसू थांबलं. विळा चालला.

पिल्लं चिखलात पडली. मथुराबाईनं ती पदरात घेतली, तर दोन गेलेली होती. तिसरं दुपारपर्यंत तोंड उघडत राहिलं.

मग मथुराबाईनं माझा कापूस झटकून माझी पानं पत्रावळीत टाचली.

साहेबाची जीप आली आणि न थांबता चिखल उडवत निघून गेली. मग म्हातारेच जेवायला बसले. मी चंपतरावांपुढं आलो. चोचीच्या भोकांतून वरण त्यांच्या धोतरावर गळलं.

"काऊन गळते हे? कोनं टाचली?"

"शिंपिणीनं," मथुराबाई म्हणाली आणि वाढायचं सोडून आत गेली.

चंपतरावांनी दुसरी पत्रावळ मागितली.

आता मी उकिरड्यावर पडलोय. इथून तो पळस दिसतो. शिंपीण अजून अळी घेऊन येते. तुटल्या फांदीभोवती फिरते, हाका मारते, परत जाते, पुन्हा येते.

बाई, नको येऊ आता. ती अळी तूच खा.