सरळ रेषेतलं अंतर

शिंपीदादांनी दोन विमानतळांमधलं अंतर पुतणीच्या फोनवर पाहून घेतलं होतं: दोनशे ऐंशी किलोमीटर, पन्नास मिनिटं. गिऱ्हाइकाला 'उद्या या' सांगण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता, पण स्वतः थांबायची वेळ आली की जीव नुसता वरखाली व्हायचा.

ताई तिच्या गावाहून अकराच्या विमानानं निघणार होती, मुलाकडे, कायमची. त्याआधी तिला गाठायला दादा निघाले होते. मेहुणे गेल्यापासून दादांना तिला एवढंच म्हणायचं होतं की माझ्याकडे राहा. दर फोनला ते ओठांवर यायचं आणि 'बघू' होऊन बाहेर पडायचं.

विमान नऊ खुर्च्यांचं. उडालं आणि थोड्या वेळानं भलतीकडेच वळलं.

"बाई, आपण उलटे चाललोय का?" दादांनी पुढे वाकून विचारलं.

"औषधांची खोकी टाकायची आहेत, काका," वैमानिक बाई म्हणाली. "मग पलीकडे टपाल. मग तुम्हाला उतरायचंय ते गाव."

"फोनवर तर पन्नास मिनिटं दाखवतात."

"फोनला खोकी कुठे उतरवायची असतात?"

पहिल्या धावपट्टीवर खोकी उतरली. दुसऱ्या धावपट्टीवर शेळ्या बसल्या होत्या. त्या उठेपर्यंत विमान वर घिरट्या घालत राहिलं. दादा घड्याळ बघत, पट्टा सोडत, पुन्हा लावत. शेजारच्या बाईंनी आपली पिशवी मुकाट्यानं दुसऱ्या मांडीवर घेतली.

चरफडता चरफडता दादांनी मनात हिशेबही मांडला होता. ताई निघून गेलेली असेल. आपण धापा टाकत पोहोचू. भाऊ इतक्या लांब आला होता, हे चार लोक सांगतील. विचारल्याचं पुण्य पदरात आणि तिच्यासाठी घरातली खोली रिकामी करायची कटकट नाही. त्या खोलीत कापडाचे तागे छतापर्यंत गेले होते. दादांना स्वतःची जरा लाज वाटली, पण हिशेब काही त्यांनी पुसला नाही.

"बाई, अकराचं विमान गेलं असेल ना आता?"

"कुठलं अकराचं?"

"तिकडून सुटतं ते. माझी बहीण आहे त्यात."

"काका, ते हेच. आपण पोहोचल्याशिवाय काय उडणार?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. दादांनी घड्याळ बाहीखाली सारलं. आता उरलेली वाट फारच भराभर संपायला लागली.

ताई कुंपणापाशी बॅगेवर बसली होती.

"अरे, तू? आणि रंग का उडालाय तुझा?"

"शेळ्या होत्या," दादा म्हणाले. मग एका दमात, "ताई, मुलाकडे नको जाऊस. माझ्याकडे राहा."

ताईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. लहानपणी त्यांच्या खिशातल्या चिंचा ती अशीच बघून ओळखायची.

"बरं," ती म्हणाली.

'नको रे' या उत्तराला काय म्हणायचं, त्याची दादांनी चांगली तयारी केली होती. 'बरं'ची काहीच नव्हती.

"चला, बसून घ्या," वैमानिक बाईनं हाक दिली. परतीचं विमान आधी दादांच्याच शहरी आणि तिथून पुढे ताईच्या मुलाच्या गावी जाणार होतं.

"घरी बायकोला विचारलंयस का?" ताईनं विचारलं.

"सांगतो की. पोहोचल्यावर."

"पोहोचल्यावर मी दारात उभी असेन. तिला काय दारात सांगणार? आता कर फोन." तिनं बॅग शिडीपाशी आडवी ठेवली आणि वैमानिक बाईला म्हणाली, "दोन मिनिटं, गं. याचं बोलणं झालं की मला कळेल, कुठल्या गावाला उतरायचं ते."

दादांनी फोन कानाला लावला. पलीकडे घंटा वाजू लागली.