साखरआजोबांचं बिस्किट

हसायचं नाही हं, आधीच सांगून ठेवते. परवा ताईची नोकरी जाता जाता राहिली. आणि गेली असती ना, तर सगळा दोष माझ्या वजनावर आला असता!

झालं काय, ताई एका लॅबसाठी सकाळी घरोघरी जाऊन रक्त काढून आणते. महिनाभर काम बघू, मग कायम करू, असं लॅबवाल्या मॅडमनी सांगितलेलं. म्हणून तर तिनं बॅटरीवरची स्कूटर घेतली. बॅटरी सुटी निघते, रात्री वर घरात आणायची, चार्जिंगला लावायची, सकाळी परत बसवायची. सोप्पं! दुकानदार म्हणाला होता, एकदा पूर्ण चार्ज केली की ऐंशी किलोमीटर बघायला नको. आमची पंचवीस-तिसालाच मान टाकायची.

मग काय, घरात एकेक तज्ज्ञ जागा झाला. बाबा म्हणाले, "स्कूटरला कशाला नावं ठेवतेस? तू पळवतेस किती!" आई म्हणाली, "तसं नाही हो, ही मागे बसते ना, ही." ही म्हणजे मी! कॉलेजला जाताना ताई मला वाटेत सोडते, एवढाच माझा गुन्हा. त्या दिवसापासून आईनं माझ्या ताटात दुसऱ्यांदा भात वाढणं बंद केलं. खरंच! स्कूटरच्या तब्येतीसाठी मी उपाशी! कंपनीचा माणूस आला, त्यानं बॅटरी तपासली आणि म्हणाला, "ठणठणीत आहे हो. घरात नीट चार्ज करता ना?" त्यावर बाबांना एवढा राग आला! "मी सव्वीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत काढलीत, मला शिकवतो चार्जिंग!"

खरा घोर वेगळाच होता. ताईच्या यादीत पहिलं घर साखरआजोबांचं. नाव ताईनंच ठेवलंय. आजोबांना मधुमेह, दर दोन-तीन दिवसांनी उपाशीपोटी तपासणी. बरोबर सातला ते बिस्किट हातात धरून दारात उभे असतात. रक्त दिलं की बिस्किट तोंडात. दोनदा ताईला उशीर झाला, दोन्ही वेळा आजोबांनी मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, "तिसऱ्यांदा तक्रार आली तर ही घरं मी दुसऱ्या मुलीला देणार." ताई दोन दिवस नीट जेवली नाही. मी तर तशीही जेवत नव्हते.

तर परवा. सकाळी बॅटरी बसवली, एरवी घाईत आकडा कोण बघतं, पण त्या दिवशी बघतो तर बावीस टक्के!

"रात्रभर लावली होती ना गं?" मी विचारलं.

"नऊ वाजता लावली. तू बघितलंस की."

"मग?"

"मग काय मग? बस पटकन. पोचू."

आणि पोचलोही असतो, पण मधला तो चढ! अर्ध्या चढावर स्क्रीनवर कासव आलं. खरंच कासवाचं चित्र येतं, चार्ज संपत आला की. म्हणजे आता आपण किती शहाण्यासारखं चालतोय हे सगळ्यांना कळावं म्हणून बहुतेक. शेजारून एक काका जॉगिंग करत चालले होते, ते आमच्या बरोबरीनं आले, मग पुढे गेले, मग मागे वळून म्हणाले, "उतरून ढकललीत तर लवकर जाल!" ताईनं दातओठ खाल्ले. चौकात बंद सलूनसमोर स्कूटरनं मान टाकली. सातला सात मिनिटं कमी, आणि आजोबांचं घर अजून दीड किलोमीटर.

बाबांची शाळा साखरआजोबांच्या गल्लीच्या तोंडाशीच आहे आणि बाबा पावणेसातलाच जाऊन प्रयोगशाळा उघडतात. म्हणून ताईनं फोन लावला. स्पीकरवर होता, मी सगळं ऐकलं.

"बाबा, बॅटरी संपली."

"संपणारच! काल रात्री परत तू बटण चालू ठेवून झोपलीस. मी उठून बंद केलं म्हणून बरं."

ताईनं फोनचा आवाज वाढवला.

"रोज तेच," बाबा जोरात आले. "साडेदहाला माझी फेरी असते म्हणून घर शाबूत आहे."

"रोज?" ताईचा आवाज एवढासा.

"रोज! एक रात्र चुकवली नाही."

शाळेत गॅसचे नळ, दिवे, पंखे सगळं बंद आहे की नाही हे बघूनच बाबा कुलूप लावतात. घरीही तेच, कुठल्या बटणाला काय लावलंय हे न बघताच. आणि पहाटे आई उठून वायर गुंडाळून बॅटरी दाराशी ठेवते, लेकीची धावपळ नको म्हणून. तिला वाटायचं, बॅटरीचं पोट भरलं की बटण आपोआप बंद होत असेल! दोघांनी मिळून इतक्या प्रेमानं आमची वाट लावली होती की रडावं का हसावं कळेना.

ताई रडलीच. "बाबा, ती चार्ज होत होती हो! आता आजोबा बिस्किट खातील आणि माझी नोकरी जाईल."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. मग बाबा म्हणाले, "खाणार नाहीत. तू ये." आणि फोन बंद.

आम्ही नमुन्यांची पेटी घेऊन पळालो. सव्वासातला धापा टाकत दारात पोचलो तर आतून आवाज, "अहो, माझं बिस्किट आहे ते!" "तुमचंच आहे, आजोबा. फक्त माझ्याकडे आहे." बाबा खुर्चीत ताठ बसलेले, बिस्किटाचा पुडा मांडीवर, पुड्यावर हात. ताईनं बाबांकडे न बघता रक्त काढलं. एका टोचण्यात काम झालं. बाबांनी पुडा दोन्ही हातांनी परत दिला.

आजोबांनी आधी बिस्किट खाल्लं, मग फोन उचलला. "मॅडम, तुमची मुलगी आली. हो, उशिराच. पण तुम्ही आधी जो माणूस पाठवलात ना, तो फार आगाऊ आहे!"

"मी कोणालाच पाठवलं नाही," मॅडम स्पीकरवरून.

ताईनं फोन मागून घेतला आणि खरं ते सांगितलं. बटण, फेरी, बिस्किट, सगळं. मग मॅडमना हसूच आवरेना. "नमुना मिळाला ना? उरलेली तीन घरं कर. पण एक ऐक, उद्यापासून चार्जर तुझ्या खोलीत."

उरलेली घरं जवळपासच होती, चालतच केली, बाबा मागोमाग. मग तिघं चौकात आलो. ताई बाबांशी अजून बोलत नव्हती. बाबांनी काही न विचारता स्कूटरचं हँडल धरलं.

"तुमची शाळा?" मी विचारलं.

"शिपायाला सांगून आलोय. होऊ दे उशीर." आणि ढकलायला लागले. पाच-सहा पावलांत घामाघूम. "फारच जड आहे गं ही!"

ताई थांबली. किती वेळानं तोंड उघडलं तिनं!

"बाबा, ब्रेक सोडा आधी."