पुलाच्या पोटातला तारपा

नाच पुलाखाली झाला, तर चिमणचा फायदा एकच, पण घसघशीत होता: तारपा वाजवण्याचा मान आणखी एक वर्ष त्याच्याकडे राहणार होता. वय झालं होतं, दम आटला होता, आणि पलीकडच्या पाड्यावरचा सुक्या छाती फुगवून टपलेलाच होता.

“अंगणात धूळ उडते रं. पुलाखाली सावली हाय, जागा हाय,” चिमण पाड्याला पटवत होता.

“सावलीची तुला कधीपासून काळजी?” त्याच्या बायकोने, रखमीने, भर बैठकीत विचारलं. सगळे हसले, पण ठरलं पुलाखालीच.

पूल साहेबाच्या काळातला. गाड्या आता शेजारच्या लोखंडी पुलावरून जातात. हा काळ्या तासीव दगडांचा. खांबांची टोकदार नाकं पुराचं पाणी फोडायला पुढे आलेली. काठाकडची कमान कोरडी असते. तिच्या माथ्यावर पाचरीसारखा एक दगड ठोकलेला, बाकीचे दोन्ही बाजूंनी एकमेकांवर रेललेले. तिथे चिमण गुपचूप वाजवून आला होता. याने एक फुंकर घालावी आणि कमानीने तिच्या चार कराव्यात! निम्मा दम पूल पुरवणार, असा त्याचा हिशेब.

नव्या भाताचा नैवेद्य झाला आणि ऊन कलताना अख्खा पाडा कमानीत शिरला. मसोलीहून, विवळवेढ्याहून पाहुणेही आले. बायागड्यांनी एकमेकांच्या कमरेला हात घालून साखळी केली. चिमणने मधोमध उभं राहून दुधीच्या लांब तारप्यात फुंकलं.

कमान गप्प.

तारपा वाजत होता, पण जेवढा फुंकला तेवढाच. रिकाम्या कणगीत हाक घुमते. भात भरल्यावर नाही घुमत. चिमणने कमान मोजली होती, माणसं मोजायची राहिली होती.

थोड्याच फेऱ्यांत त्याचे डोळे बाहेर आले. तारप्याचा सूर तुटला की नाच तुटतो, आणि नाच तुटला की वर्षभर तोंड दाखवायची सोय नाही. समोर सुक्या, बगलेत स्वतःचा तारपा धरून. चिमणने त्याच्याकडे बघून भुवई उडवली. बस्स, तेवढंच.

सुक्याने सूर धरला, मग चिमणने सोडला. मध्ये नखाएवढीही फट नाही. सुक्याला बोलायचं बरंच असावं, पण तोंड तारप्यात अडकलेलं.

चिमण घाम पुसत तिथेच उभा. आता जावं कुठे?

“खांबासारखा उभा काय?” रखमी साखळीतून ओरडली. “ये की!”

“मला नाय नाचता येत.”

“इतकी वर्षं दुसऱ्यांना नाचवलंस ना? मी कुणाकुणाच्या कमरेला हात घालून नाचले, ते मधे उभा राहून बघत होतास!”

हा हशा मात्र कमानीने घुमवला.

चिमण साखळीत शिरला आणि पहिल्याच ठेक्याला त्याचा पाय रखमीच्या पायावर पडला.

“उजवा रं, उजवा! तुझाच सूर हाय, तुलाच कळंना?”

दोन फेऱ्यांत पाय सापडले. त्याचं ओझं रखमीवर, रखमीचं पुढच्या बाईवर. त्याने सहज वर बघितलं. वरचे दगडही असेच एकमेकांवर रेलून उभे होते, आणि कुणाची तक्रार दिसत नव्हती.

दिवेलागणीला हिशेब मिटला. चिमणने मान भरला, सुक्याने दम, रखमीने पायाची करंगळी. पुलाने काहीच भरलं नाही. तारपा थांबला तरी चिमणचा हात रखमीच्या कमरेवरून निघाला नव्हता; तो कुणाच्या खात्यावर मांडायचा, हे तिने विचारलं नाही.