उद्याची खुंटी

मोठ्या बाईंनी आयुष्यात एकच लबाडी केली, आणि तीसुद्धा त्यांना धड जमली नाही.

झालं असं, की प्राथमिक शाळा चालू ठेवायला तीस मुलं लागत होती आणि बाईंकडे होती एकोणतीस. तिसावी मुलगी आठच दिवसांपूर्वी आईवडिलांबरोबर दुसरीकडे गेली. बुधवारी साहेब पाहणीला येणार, आणि एक जरी कमी भरलं तरी शाळेला कुलूप! मुलांची रवानगी हमरस्त्यापलीकडच्या भल्यामोठ्या शाळेत. बाईंच्या तर तोंडचं पाणीच पळालं.

ही शाळा बाटल्यांच्या कारखान्यातल्या कामगारांनी उभारलेली. काम मिळेल तशी माणसं येत, वर्षाच्या मधेच, कुठून कुठून. पहिल्या मुलांच्या आईबापांना वाचता येत नव्हतं, म्हणून कारखान्याच्या सुताराने दप्तरांच्या खुंट्यांवर नावांऐवजी चित्रं काढली. कुणाची किटली, कुणाची कात्री, कुणाची छत्री. शाळा सोडणारं मूल आपली खुंटी काढून बरोबर नेई. आणि शेवटची खुंटी कायम कोरी, रिकामी. उद्या येणाऱ्याची. ती भरली, की त्याच दिवशी पुढे नवी ठोकायची. असं करत करत खुंट्या वर्गाबाहेर पडून पार ओसरीपर्यंत पोचल्या होत्या.

तर सोमवारी बाईंनी काय करावं? गेलेल्या मुलीचं नाव हजेरीत तसंच ठेवलं आणि आपल्या भाचीचं जुनं दप्तर आणून त्या कोऱ्या खुंटीवर अडकवलं. साहेबांनी विचारलंच, तर 'पाणी प्यायला गेलीय' म्हणायचं.

"बाई, हे काही बरं नाही हं," शिपाईमावशी म्हणाल्या. पंचवीस वर्षं त्याच खुंट्या पुसत होत्या त्या.

"मावशी, शाळा वाचवायचीय की नाही?"

मावशींनी फडकं जरा जोरातच झटकलं.

बुधवारी साहेब आले. मुलांनी घोकून ठेवलेलं शाळेचं ध्येय एका दमात म्हणून दाखवलं, सर्वांगीण विकास काय, मूल्यसंवर्धन काय, विचारू नका! साहेबांनी जांभई दाबली आणि मुलं मोजली. मग ओसरीवर येऊन दप्तरं मोजली.

"हे शेवटचं कोणाचं?"

"पाणी प्यायला गेलीय," बाई म्हणाल्या. कान लालबुंद.

"कोण गेलंय, बाई?" पहिलीतली एक चिमुरडी पुढे आली. तिचं तोंड दिवसभर मिटत नसे, म्हणून सगळे तिला टकळी म्हणत. "साहेब, ती उद्या येणाऱ्याची खुंटी आहे. पण सोमवारपासून भरलीय ना! म्हणून तर मी आमच्या शेजारच्या नव्या मुलीला सांगितलं, जागा नाही, येऊ नको. ती रडली हो खूप."

बाईंना वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. शाळा जाणार हे एक दुःख, पण आपल्या हाताने अडवलेलं ते पोर? त्यांना रडूच आलं.

"साहेब, ते दप्तर माझ्या भाचीचं आहे. मी खोटं बोलले. काय लिहायचं ते लिहा."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "शाळा किती वाजता सुटते?"

"पाचला."

"मग मी पाचला मोजून लिहीन. तोवर हजेरीतलं ते नाव खोडा." आणि टकळीकडे वळून म्हणाले, "तुझी शेजारीण घरी असेल का?"

"असेल की! धाकट्या भावाला सांभाळते."

"भावालाही घेऊन येते, मी बघीन त्याला," असं म्हणत मावशींनी चपला पायात सरकवल्यासुद्धा. टकळी त्यांच्या पुढे धावली.

बाईंनी दप्तर उतरवलं. मावशींच्या कपाटातून एक कोरी खुंटी काढली, आणि जन्मात हातोडी न धरलेल्या त्या बाईंनी पुढची खुंटी ठोकायला घेतली. पहिला घाव खिळ्यावर, दुसरा अंगठ्यावर. "आई गं!" मुलं खो खो हसली. साहेबांनी मुकाट्याने येऊन खिळा धरला.

अर्ध्या तासाने मावशी आल्या, कडेवर एक गुटगुटीत बाळ आणि मागे टकळीचा हात धरलेली ती मुलगी. डोळे अजून सुजलेलेच.

"ही तुझी खुंटी," बाई खाली बसून म्हणाल्या. "चुकलं माझं, राणी. जागा होती. सांग, तुला कसलं चित्र हवं?"

मुलीने सगळ्या खुंट्या नीट पाहिल्या आणि बाईंच्या हाताकडे बोट दाखवलं. "हातोडी."

साहेबांनी पाचपर्यंत वाट पाहिली. तीस डोकी मोजली, तीस लिहिली. मग पाहणीच्या कागदावरच्या 'शाळेचे ध्येय' या रकान्यातला बाईंचा अख्खा परिच्छेद एका रेघेने खोडून त्यांनी खाली चारच शब्द लिहिले: एक खुंटी रिकामी ठेवणे.

"चालेल ना?" त्यांनी विचारलं.

सुजलेला अंगठा तोंडात धरूनच बाईंनी मान हलवली.