पलंगाचं माप

पहिल्या संध्याकाळी मुरूडच्या किनाऱ्याजवळ गाडी लागली आणि ह्यांनी काखेत चटई मारून बाहेरचा रस्ता धरला. हे म्हणजे जयवंत, माझा नवरा. गाडी म्हणजे मोटारहोम, चाकांवरचं घरच. लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून नूपुरने, आमच्या लेकीने, कोकणातल्या सहलीसाठी भाड्याने घेऊन दिलेली. आत ओटा, पंखा, गुबगुबीत गादीचा पलंग. आणि ह्यांनी दाराबाहेर चटई अंथरली, टॉवेलची गुंडाळी करून उशाला घेतली.

"वारा बरा आहे," म्हणाले. तेही कुजबुजत. आसपास चिटपाखरू नव्हतं.

मला राग यायला हवा होता. आला नाही. हल्ली मला काहीच येत नाही, ना राग ना रडू.

लालबागच्या चाळीत आमची एक खोली. सासू-सासरे, दोन दीर, नणंद आणि आम्ही. बायका आत, पुरुष गॅलरीत, हा चाळीचा कायदा. नवराबायकोला काही बोलायचं असेल तर कुजबुजायचं. रविवारी दुपारी सासूबाई घरातल्या बाकी सगळ्यांना गोळा करून भायखळ्याला भाजी आणायला न्यायच्या. लालबागला भाजी मिळत नव्हती अशातला भाग नाही. त्या भाजीचीच कृपा, म्हणून नूपुर झाली. पुढे दीर वेगळे झाले, नणंद सासरी गेली, म्हातारी माणसं देवाघरी गेली, तरी ह्यांची चटई गॅलरीतच. मीही कधी आत बोलावलं नाही.

आता चाळ पाडून तिथे टॉवर झाला. करी रोडच्या भाड्याच्या, गॅलरीवाल्या खोलीतून त्या घरात जायचे दिवस जवळ आले आणि मी ठरवून टाकलं, तिथे ह्यांच्याबरोबर राहायचं नाही. नूपुरकडे जायचं. कपड्यांची बॅग तिच्याकडे नेऊनसुद्धा ठेवली. भांडण म्हणाल तर काही नाही. भांडण असतं तर बरं, मिटवता तरी आलं असतं.

"आई, निदान बाबांना सांग तरी," नूपुर म्हणाली. "गाडीत दोघंच असाल."

म्हणून आले. सहल संपायच्या आत सांगायचं होतं.

ह्यांनी जन्मभर बेस्टची बस चालवली. एसटीचा थांबा दिसला की पाय आपोआप ब्रेकवर. हरिहरेश्वरच्या अलीकडे तर एका थांब्यावर गाडी खरोखरच थांबवली आणि एक आजोबा पिशवी सावरत चढायला पुढे आले. एरवी हसून हसून माझ्या पोटात दुखलं असतं. त्या दिवशी मी "अहो, माणूस चढतोय," एवढंच म्हणाले.

जंजिरा पाहिला. विजयदुर्ग पाहिला. गाईड तोफेबद्दल भरभरून सांगत होता, मी तोफेकडे बघत होते आणि तोफ समुद्राकडे. समुद्र रोज होता. संध्याकाळी आम्ही समोरासमोर बसून मासे-भात जेवायचो, मग हे चटई उचलायचे.

मध्ये मध्ये रामजीचा फोन यायचा. रामजी म्हणजे नव्या घराचं फर्निचर करणारा सुतार. त्याचा एकच घोशा, "काका, पलंग एक की दोन? माप द्या ना."

"दर्शनाला विचारून सांगतो," हे म्हणायचे, आणि मला काही विचारायचे नाहीत. मला वाटलं, ह्यांना कळलंय. कळलं असेल तर बरंच, माझं सांगायचं काम वाचलं.

मालवणला किनाऱ्यावर बसून मी वाक्य तयार केलं. मी नूपुरकडे राहायला जाणार आहे. सोपं वाक्य. परतीच्या वाटेवर चिपळूणला ते ओठांवर आलं, पनवेललाही आलं, आणि दोन्हीकडे मी चहाच मागवला.

लालबागला पुलाखाली गाडी अडकली. समोर आमचा टॉवर दिसत होता. रस्त्यावरची माणसं वाकून वाकून आमच्या खिडकीत बघत होती. तेवढ्यात रामजीचा फोन आला. ह्यांनी स्पीकरवर टाकला.

"काका, आता बोलाच. माणूस प्लाय कापायला बसलाय. एक मोठा करू की दोन सिंगल?"

आता सांगायचंच म्हणून मी तोंड उघडलं. पण हेच माझ्याकडे वळले आणि खोलीत माणसं झोपलेली असावीत तशा आवाजात म्हणाले, "दर्शना, नव्या घराला गॅलरी नाय. मी झोपू कुठे?"

चेष्टा नव्हती. हा माणूस सगळं कोकण हाच प्रश्न डोक्यात घेऊन फिरला होता, आणि तीस वर्षं मी समजत होते की ह्यांना वारा आवडतो.

माझं वाक्य तयार होतं. पण ते ह्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

"रामजी," मी म्हटलं, "एकच कर. मोठा."

"म्हणजे आत?" ह्यांनी विचारलं. मोठ्याने विचारलं, रामजीलाही ऐकू गेलं असणार.

"आत."

मागचे हॉर्न वाजवायला लागले तशी ह्यांनी गाडी पुढे काढली. मला आनंदबिनंद काही झाला नाही, खोटं कशाला बोलू. नूपुरकडची बॅग परत आणायला हवी, एवढंच मनात आलं.