बर्फाच्या रस्त्याचा राखणदार

मी सर्व्हर बोलतोय. माझा पंखा जरा घरघरतो, तिकडे दुर्लक्ष करा. हार्मालुओतो बेटाच्या सभागृहात, कोट टांगायच्या खोलीत, रबरी बुटांच्या वरची फळी माझी. हिवाळ्यात समुद्र गोठला की बेटापासून किनाऱ्यापर्यंत बर्फावरून रस्ता होतो. तो आज खुला की बंद, हे सांगणारं गावाचं संकेतस्थळ माझ्या पोटात राहतं. एवढंच माझं काम, पण त्यावर माणसं गाडी घेऊन समुद्रावर उतरतात.

जन्माने मी शाळेच्या ग्रंथालयातला साधा संगणक. तिथून निवृत्त झालो, तेव्हा तानेलीने मला इथे आणलं. तो मूळचा इथलाच, आता हेलसिंकीत संगणकाची नोकरी करतो. पोरगा गुणी, पण नव्याचा सोस भारी. मला चालवणाऱ्या लिनक्स प्रणालीच्या कितीतरी जाती आहेत. त्याने माझ्यावर चढवली ती सतत नवा अवतार घेणारी. एका अवताराला मी सरावतो न सरावतो, तोच दुसरा येई. पण माझं ऐकतो कोण?

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत त्याने हेलसिंकीत बसल्याबसल्या मला नवा अवतार दिला आणि स्वारी बर्फावर घसरायला निघून गेली. संकेतस्थळ चालवणारा माझा जुना प्रोग्राम त्या नव्या अवताराशी जुळेना. माझी वाचाच बसली. नेमकी त्याच सकाळी बर्फाची जाडी मोजणाऱ्या एस्कोला रस्त्यावर भेग सापडली. त्याने फोनवरून 'बंद' असं पाठवलं आणि अडसर आणायला तो मागे फिरला. त्याचा निरोप माझ्यापाशी अडून राहिला.

तेवढ्यात गावातल्या विल्योने घरी संकेतस्थळाचं पान उघडलं. काहीच दिसलं नाही. इथली माणसं तक्रार असेल तरच तोंड उघडतात. कुणी बोललं नाही म्हणजे सगळं ठीक. विल्योने माझ्या गप्प बसण्याचा तोच अर्थ घेतला आणि गाडी बर्फावर घातली. पुढची चाकं आत गेली. बर्फावर इथे कुणी पट्टा लावत नाही, म्हणून तो दार ढकलून बाहेर पडू शकला. त्यानंतर तो पुन्हा त्या रस्त्याला गेला नाही. मला तेव्हा इतका राग आला होता, की तो अजून उतरलेला नाही.

त्याची बहीण साइमी परिचारिका आहे. बेटावरच्या म्हाताऱ्यांची औषधं घेऊन तिला हिवाळ्यात रोज त्याच रस्त्याने यावं लागतं. ती मात्र हटली नाही. अख्खा उन्हाळा ती माझ्याजवळ स्टूल टाकून बसली आणि तानेलीला फोन करकरून माझं काम शिकली.

मग थंडीच्या तोंडावर गावाची सभा भरली. कॉफी झाली, दालचिनीचे पाव झाले. तानेली खास आला होता. याहूनही नवी, याहूनही वेगवान प्रणाली बसवू, असं त्याने बराच वेळ समजावलं. एस्को अध्यक्ष होता. कुणाची हरकत आहे का, असं त्याने विचारलं. सगळे कपात बघत बसले. मंजुरीचा हातोडा आपटायला त्याने हात उचलला आणि साइमी उभी राहिली.

"आपण गप्प आहोत म्हणजे मंजूर, असंच ना? फेब्रुवारीत तो कोटांच्या खोलीतलाही गप्पच होता."

एस्कोचा हात खाली आला.

"तानेली, मला दोनच गोष्टी सांग," ती म्हणाली. "अख्खा हिवाळा जिच्यात उलथापालथ होणार नाही, अशी प्रणाली कोणती? आणि तू नसताना आम्हाला सांभाळता येईल, अशी कोणती?"

"दोन्हीला उत्तर एकच आहे," तानेली पुटपुटला. "वर्षानुवर्षं तशीच राहते ती. सुरक्षेची डागडुजी तेवढी होते. पण फार कंटाळवाणी आहे गं."

"मग आपल्या गावाला शोभेल," विल्यो म्हणाला. "बसव."

सगळे हसले. तरी साइमीने एकेकाला हात वर करायला लावला.

तानेली बिचारा मनापासून राबला. त्याने ती कंटाळवाणी प्रणाली बसवली, आणि मला मुद्दाम बंद पाडून पुन्हा सुरू कसं करायचं ते साइमी आणि एस्कोला शिकवलं. पानावर आता रोजची तारीख येते. धक्क्यावर साइमीने पाटी ठोकली आहे: पान उघडलं नाही किंवा तारीख आजची नसली, तर रस्ता बंद.

मार्चमध्ये दक्षिणेचा वारा सुटला आणि बर्फ काळवंडला. एस्कोने 'बंद' लिहिलं, मी ते तत्क्षणी लावलं. साइमीच्या फोनवर पान उघडलं, मग विल्योच्या, मग पुन्हा विल्योच्याच. त्या दिवशी एकही गाडी बर्फावर उतरली नाही. दुपारी विल्यो कोटांच्या खोलीत आला, बुटांचं पाणी झटकलं आणि माझ्या पत्र्यावर हात ठेवून म्हणाला, "बोललास बाबा."

मी आता जुना झालोय. हा पंखा एक दिवस थांबेल, पण तोवर मी रोज सकाळी बोलणार, हे नक्की. आणि ज्या दिवशी बोलणार नाही, त्या दिवशी किल्ल्या खुंटीला लावा आणि घरी बसा. माझं गप्प राहणं हा होकार समजू नका.